नीलव्वाला न विचारता जाऊ द्यावे

शाळेत पस्तीस वर्षं काढली की लुगड्याला खडूची पूड चिकटते तसे किस्से चिकटतात. झटकले तरी चार-दोन राहतातच! माझ्याकडे राहिलेले बरेचसे एकाच मुलीचे आहेत. गंमत अशी, की ते घडत होते तेव्हा आमच्यापैकी कुणालाच नीट काही कळत नव्हतं. मला नाही, हेडमास्तरांना नाही, आणि शिपाई दगडूमामाला तर नाहीच! आता तुम्ही विषय काढलातच, तर ऐका.

* * *

एकोणीसशे तीसच्या पुढची दोन-चार वर्षं असतील. सोलापुरात आमची मुलींची मराठी शाळा होती. खाली तीन खोल्या, वर एक. मी मूळची वैरागची. ट्रेनिंग संपवून नुकतीच रुजू झाले होते आणि मला पहिलीचा वर्ग दिला होता.

एक दिवस बसव्वा नावाची बाई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव नीलव्वा. मंडळी अक्कलकोटकडची. वडलांचं खण-लुगड्यांचं दुकान. घरात कानडी, दुकानात मराठी.

हेडमास्तरांनी नाव लिहून घेतलं. बसव्वा उठेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मास्तर, पोरगी लई हुशार हाय. फकस्त... हिला जरा पाण्याचं हाय."

"पाण्याचं? म्हणजे काय?"

"म्हंजे... पाण्याचं. सारकं सारकं."

"अहो, मग त्यात एवढं संकोचायचं काय!" हेडमास्तर हसले. "आम्ही करू की व्यवस्था!"

बसव्वाच्या डोळ्यांत पाणीच आलं. शाळेतला मास्तर इतका समजूतदार असेल असं तिला वाटलंच नव्हतं. गल्लीत जाऊन तिने चार जणींना सांगितलं, "मास्तर देवमानूस हाय!"

इकडे हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, या मुलीला तहान फार लागते. हिला माठाजवळ बसवा!"

* * *

तिसऱ्या दिवसापासून माठाजवळ पाणी दिसायला लागलं.

माठ गळतोय, आणखी काय असणार? दगडूमामाने माठ बदलला. पाणी येतच राहिलं. पुन्हा बदलला. तरी तेच! तिसऱ्या खेपेला दगडूमामा कुंभाराशी इतकं भांडला, की कुंभार हातातलं काम टाकून स्वतः शाळेत आला.

माठापुढे तो उकिडवा बसला. वैद्याने नाडी पाहावी तसा माठाला हात लावला, बोटाने वाजवला, खालून चाचपला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, माठ पाझरतोय. पाझरनारच की! त्याबिगर पाणी गार कसं व्हईल? पन माठ हाय हितं, अन् पाणी हाय तितं. मधली फरशी कोरडी हाय. माझ्या माठाला पाय फुटलं काय?"

हेडमास्तर जिन्यात उभे होते. त्यांनी फरशीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सोलापूरच्या जमिनीला उतार फार!"

मला ते पटलं! खोटं कशाला बोलू? ट्रेन्ड मास्तरीण मी, पण मला ते पटलं. मुलगी रोज भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन बसते, कुणी उठवलं तरी सगळ्यात शेवटी उठते, हे मला दिसत होतं. मी मनात म्हणायची, किती शांत पोर आहे!

* * *

कानडी आकडे मला दगडूमामाने शिकवले होते. ओंदु म्हणजे एक, एरडु म्हणजे दोन. वर्गात चार-पाच मुली घरी कानडी बोलणाऱ्या, म्हणून म्हटलं दोन आकडे आलेले बरे.

एक दिवस वजाबाकी घेत होते. "दोन बोरं होती, एक खाल्लं. उरली किती?"

नीलव्वाने बोट वर केलं. "बाई, ओंदक्क!"

म्हटलं, वा! सगळ्यांच्या आधी उत्तर! "शाब्बास नीलव्वा! पण मराठीत सांग."

"बाई, ओंदक्क!" आवाज जरा चढला.

"बरोबर आहे गं. एक. आता पुढचं ऐका. पाच चिंचोके होते, तीन हरवले..."

"बाई! ओंदक्क! ओंदक्क!"

मी चिडले. "पाचातून तीन गेल्यावर एक कसा उरेल? उभी राहा!"

ती उभी राहिली.

कानडीत ओंदक्क म्हणजे एकीला! आपल्या मुली करंगळी दाखवून 'एकी' म्हणतात ना, अगदी तेच. पण हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की माठाचा काही दोष नव्हता.

वर्ग हसला. नीलव्वा रडली नाही. खाली बसली आणि आपल्या परकराच्या घोळाने फरशी पुसायला लागली. इतक्या सराईतपणे पुसत होती, की मी हातातला खडू खाली ठेवला. सात वर्षांच्या मुलीचा हात इतका सराईत कधी झाला?

* * *

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस झाले. मी म्हटलं, लाजली असेल, येईल. नवव्या दिवशी मात्र मला राहवेना. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले.

बसव्वाने बसायला घोंगडी टाकली, पण तोंड फिरवून बसली.

"नीलव्वाला पाठवत का नाही?" मी विचारलं.

"तुमीच तर काढून टाकलं की!"

"कुणी? मी?"

"मास्तरनं निरोप धाडला. 'पोरीला उठवा अन् घरी बसवा.' शिपाई येऊन सांगून गेला. बाई, म्या पयल्याच दिशी सांगितलं न्हवतं काय, हिला पाण्याचं हाय म्हनून? तवा मास्तर व्हय म्हनले. आता पोरीला गोडी लागली, पाटीवर नाव काढाया लागली, अन् आता न्हाय म्हनत्यात. आदीच न्हाय म्हनायचं की!"

मी तशीच परत आले. हेडमास्तर घरी निघत होते, त्यांना दारातच गाठलं. ते आश्चर्याने म्हणाले, "मी कशाला काढीन? मी दगडूला एवढंच सांगितलं, की माठाजवळ फार ओल होते, मुलीला तिथून उठवा आणि दुसरीकडे बसवा!"

हेडमास्तरांच्या लेखी माठ अजून गळतच होता!

दगडूमामाला बोलावलं. तो म्हणाला, "व्हय जी. म्या तेच सांगितलं. दुसरीकडं म्हंजे घरीच की! वर्गात दुसरीकडं जागा कुटं हाय?"

मग मी हेडमास्तरांना खरी गोष्ट सांगितली. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. पुरुष माणूस, वडीलधारे, त्यात मी बाईमाणूस. तोंडातून शब्द निघेना. शेवटी मी म्हणाले, "सर, गळतं ते माठातून नाही."

हेडमास्तरांनी मान वर करून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "छतातून?"

* * *

बसव्वाला आणि नीलव्वाला घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेले. दिवस पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीचे. दारात कंपाउंडर बसलेले, भले गृहस्थ, बोली दखनी.

"क्या हुआ जी बच्ची कू?"

बसव्वाने माझ्याकडे पाहिलं, मी बसव्वाकडे. बसव्वा हळूच म्हणाली, "पानी जाताय."

कंपाउंडर ताडकन उठले. "कब से? कित्ते बार? उलटी भी होती क्या?"

"बरसां झाली," बसव्वा म्हणाली. "रोज. धा-बारा बार."

"बरसां से?" पटकी वर्षानुवर्षं चालणारं माणूस त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं! तरीही त्यांनी कर्तव्यात कसूर केली नाही. आम्हा तिघींना वेगळ्या बाकावर बसवलं, भोवती चुन्याची पूड टाकली आणि कुणाला जवळ येऊ देईनात. त्या चुन्याच्या रिंगणात आम्ही तासभर बसलो! नीलव्वा मात्र खूश होती. बोटाने चुन्यात 'नी' काढत होती.

अखेर डॉक्टर आले. वयस्कर होते. त्यांनी आम्हा मोठ्यांना काही विचारलंच नाही. नीलव्वापुढे स्टूल ओढून बसले. "बाळ, तूच सांग. काय होतं?"

तिने सरळ सांगितलं, "ओंदक्क येतंय. पन सांगून येत न्हाय."

डॉक्टर पुढे वाकले. "मग तुला कधी कळतं?"

"झाल्यावर. कवा कवा थोडं आदी. पन दारापत्तर जाईस्तवर होतंय."

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी बसव्वाला समजावून सांगितलं. पोरीची खोडी नाही, आळस नाही, कुणाची बाधा तर मुळीच नाही. जन्मापासून आतली रचनाच तशी आहे. वाढत्या वयात कमी होईल, कदाचित नाहीही होणार. तिला मारू नका, पाणी तोडू नका. तासातासाने पाठवा, आणि ती म्हणेल तेव्हा अडवू नका.

बसव्वा लेकीजवळ येऊन बसली. "म्या लई मारलं हो हिला," एवढंच म्हणाली.

नीलव्वाने चुन्याचा हात परकराला पुसला आणि आईच्या पाठीवर ठेवला.

* * *

डॉक्टरांनी शाळेसाठी इंग्रजीत सर्टिफिकेट दिलं होतं. मी ते हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून वर्गावर गेले. अर्ध्या तासात बोलावणं! हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. पुढ्यात जाडजूड डिक्शनरी उघडी.

"बाई, दार लावा. नको, उघडंच ठेवा! या मुलीचं वय किती म्हणालात?"

"सात."

"सात! शिव शिव! आणि डॉक्टर लेखी देतो!"

"काय लिहिलंय त्यांनी?"

"इनकॉन्टिनन्स." त्यांनी डिक्शनरी माझ्याकडे सरकवली. मी वाचलं. असंयम. विषयलोलुपता. इंद्रियांवर ताबा नसणे.

मी गोंधळले. म्हणजे आता मीच गोंधळले! डॉक्टर इतके सज्जन, त्यांनी असं का लिहावं? आम्ही दोघं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसलो. हेडमास्तर कपाळ पुसत म्हणाले, "मुलींच्या शाळेत हे... कमिटीला काय सांगू मी?"

तेवढ्यात दगडूमामा पाण्याचा तांब्या घेऊन आत आला. आमची तोंडं पाहून विचारलं, "काय झालं जी?"

हेडमास्तर कसेबसे म्हणाले, "डॉक्टर लिहितात, मुलीचा... ताबा नाही."

"मंग बरोबरच की!" दगडूमामा म्हणाला. "ताबा असता तर शाळंत मुतली असती व्हय?"

जो शब्द आम्हा दोन शिकलेल्या माणसांच्या तोंडातून महिनाभर निघत नव्हता, तो दगडूमामाने पाण्याच्या तांब्यासारखा टेबलावर ठेवला आणि निघून गेला!

हेडमास्तरांनी डिक्शनरी मिटली. मग म्हणाले, "म्हणजे ते पहिल्या दिवशीचं पाण्याचं... ते हे होतं?"

"हो सर."

"आणि मी तिला माठाजवळ बसवलं!"

* * *

पुढे मात्र हेडमास्तर जिद्दीला पेटले. शाळेने या मुलीला सांभाळायचं म्हणजे सांभाळायचं! नीलव्वाची जागा दाराजवळ केली. माझ्या कपाटात तिचे दोन जादा परकर ठेवले. आणि सगळं नियमात बसावं म्हणून त्यांनी हुकूम काढला. तो मला अजून पाठ आहे: "सदर विद्यार्थिनीस वर्ग चालू असता न विचारता बाहेर जाऊ द्यावे. मात्र जाण्यापूर्वी तिने तशी परवानगी घ्यावी."

मी म्हटलं, "सर, न विचारता जायचं, तर परवानगी कशी घेणार?"

त्यांनी कागद दोनदा वाचला. "बरोबर आहे तुमचं. पण परवानगीशिवाय कसं जाऊ द्यायचं?"

दोन दिवस विचार करून त्यांनी नवा हुकूम काढला. नीलव्वाने गेल्यावर, परत येऊन परवानगी घ्यावी! वर्षभर तसंच चाललं. ती वाऱ्यासारखी बाहेर जायची, परत आली की दारात उभी राहून विचारायची, "बाई, जाऊ?" मी म्हणायची, "जा." मग ती आत येऊन बसायची. नव्या मुलींना यातलं काहीच कळत नसे!

तासातासाने पाठवायचं काम दगडूमामाकडे होतं. तासाचा टोल पडला की नीलव्वाने उठायचं. पण दगडूमामाचा जीव पोरीत अडकलेला. "तास लई लांब हाय जी, पोरीची घाई व्हती," म्हणून तो टोल पाच मिनिटं आधीच द्यायचा. मग पुढचाही पाच मिनिटं आधी. शाळा रोज अर्धा तास लवकर सुटायला लागली! मुली खूश, आया हैराण. हेडमास्तरांनी तीन वेळा आपलं घड्याळ दुरुस्तीला टाकलं!

* * *

आता शेवटचं सांगते.

नीलव्वा चौथीत होती. त्रास थोडा कमी झाला होता, गेला नव्हता. शिवणाच्या तासाला मी तिला आत बांधायला जाड घड्या शिवून द्यायची, पण त्या सरकायच्या. एक दिवस तिनेच डोकं चालवलं. मध्ये कापूस भरून, बाहेरून वडलांच्या दुकानातला खणाचा तुकडा लावून, उभी-आडवी टीप घालून, कडेला नाडी ओवून तिने खोळीसारखं काहीतरी शिवलं. सुरेख बसायचं! सगळ्या मुलींनी मिळून तिला अर्धा डझन शिवून दिल्या. कुणी हसलं नाही, इतकी ती गोष्ट वर्गात सवयीची झाली होती.

पण त्याच सुमाराला स्कूल कमिटीतले एक गृहस्थ उठले. असली मुलगी शाळेत नको, नाहीतर आपण मुली काढून घेऊ! त्यांनी रीतसर अर्ज लिहिला आणि ठरवलं, की इन्स्पेक्शनला येणाऱ्या मडमेच्या हातातच तो द्यायचा. मडम म्हणेल ते शेवटचं. हेडमास्तर आठ दिवस जेवले नाहीत. बसव्वा रोज येऊन मला विचारायची, "मडम काय म्हनंल हो, बाई?"

मडम आली. उंच, टोपीवाली, मराठी मोडकंतोडकं. सोबत ते गृहस्थ, खिशात अर्ज. वर्ग पाहत पाहत सगळे शिवणाच्या खोलीत आले. आणि मी पाहते तो काय! नीलव्वाच्या सहाच्या सहा नव्या कोऱ्या खोळी टेबलावर मांडलेल्या! आकार बिघडू नये म्हणून दगडूमामाने त्या पितळी तांब्यांवर उलट्या घालून ठेवल्या होत्या.

मडम थबकली. "ओ! किती सुंदर! टी-कोझी!"

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. टी-कोझी म्हणजे चहाची किटली गरम राहावी म्हणून तिच्यावर घालायची खोळ, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं!

"हे कोण केला?" मडमेने विचारलं.

नीलव्वा उभी राहिली. "मी."

"शाब्बास! आत काय?"

"कापूस. दोन थर."

"बाहेर काय येतो? नाही?"

"कायबी भाईर येत न्हाय!" नीलव्वा अभिमानाने म्हणाली.

हेडमास्तरांनी घाईघाईने इंग्रजी केलं. "शी सेज, नथिंग कम्स आउट, मॅडम."

"एक्झॅक्टली!" मडम म्हणाली. "किती वेळ?"

"दोन तास!"

"दोन तास! वंडरफुल!" मडम त्या गृहस्थांकडे वळली. "तुमच्या घरी हे पाहिजे!"

गृहस्थांच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना.

मडमेने तिथेच बसून व्हिजिट बुकात शेरा लिहिला. हेडमास्तरांनी तो मोठ्याने वाचला आणि मराठीतही सांगितला: ही मुलगी असामान्य आहे, तिला कुठल्याही कारणाने शाळेतून जाऊ देऊ नये. गृहस्थांनी खिशातला हात तसाच आत ठेवला. अर्ज काही बाहेर आला नाही.

जाताना मडमेने दोन खोळी मागून घेतल्या, एक निळी आणि एक जांभळी. नीट घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवल्या, नीलव्वाशी हात मिळवला आणि मोटारीत बसली.

मोटार वळणापलीकडे गेली तरी नीलव्वा फाटकात उभी होती. मग तिने माझा पदर ओढला, मला खाली वाकवलं आणि कानात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "बाई, येवढ्या मोठ्या मडमेला बी माझ्यावानी हाय व्हय?"